चंद्रावरचा सूर्योदय गाठायचा तर…

२३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळचे सहा वाजून चार मिनिटं. त्या वेळी तुम्ही कुठे होतात, हे तुम्हाला बहुधा आठवत असेल. घरी, ऑफिसात, शाळेच्या हॉलमध्ये, जिथे टीव्ही दिसेल तिथे माणसं थबकली होती. चंद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर टेकला तो हा क्षण. पण हा दिवस ठरवला कुणी?

सूर्यानं! चंद्राच्या त्या कोपऱ्यात ऑगस्टमध्ये तो कधी उगवणार, यावर सगळी मोहीम बेतलेली होती.

चंद्रावर एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत आपले साडेएकोणतीस दिवस जातात. म्हणजे तिथला एक दिवस आपल्या जवळजवळ पंधरवड्याएवढा, आणि रात्रही तेवढीच लांब. विक्रम आणि त्याच्या पोटातला प्रज्ञान रोव्हर, दोघंही उन्हावर चालणारे. सूर्य मावळला की वीज संपली आणि पारा उणे दीडशे अंशांच्याही खाली गेला. त्या थंडीतून बॅटऱ्या आणि सर्किटं वाचतील असं धरून चालता येत नव्हतं. मग उजाडता उजाडता पोचायचं आणि दिवसाचा सगळा उजेड कामाला लावायचा, हा एकच शहाणपणाचा मार्ग. उशीर होईल तितकं यंत्रांचं आयुष्य कमी. ऑगस्टमधली ती सकाळ हुकलीच, तर पुढच्या सकाळसाठी सप्टेंबरपर्यंत चंद्राभोवती घिरट्या घालत थांबायचं, हेही आधीच ठरलेलं होतं.

गंमत पाहा, आपण प्रवास आखतो तो निघण्याच्या वेळेपासून. इथे सगळा हिशेब शेवटच्या क्षणापासून उलटा येतो. उजाडणार कधी, त्याआधी कुठल्या कक्षेत असायला हवं, तिथे पोचायला पृथ्वीची कक्षा कधी सोडायला हवी, आणि मग श्रीहरिकोट्याहून रॉकेट कधी उडायला हवं. १४ जुलैचं उड्डाण हे त्या उलट्या हिशेबाचं उत्तर होतं.

आता जागा. चंद्राच्या ध्रुवांजवळ काही खड्डे असे आहेत की त्यांच्या तळाशी अब्जावधी वर्षांत ऊन पोचलेलंच नाही. अशा काळोखात पाण्याचा बर्फ साठून राहू शकतो, म्हणून साऱ्या जगाचं लक्ष तिकडे लागलेलं. विक्रमसाठी निवडलेली जागा दक्षिण ध्रुवापासून सुमारे सहाशे किलोमीटर अलीकडे, ६९ अंश दक्षिण अक्षांशावर. त्याआधी कुणीही इतक्या दक्षिणेला अलगद उतरलं नव्हतं. तिथला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून वीस-बावीस अंशांहून वर चढत नाही. दिवसभर आपल्या सकाळी साडेसातच्या उन्हासारखं तिरपं ऊन आणि लांबच लांब सावल्या. अशा ठिकाणी सौरपॅनेल आडवं ठेवून काय उपयोग? म्हणून विक्रमची पॅनेलं त्याच्या उभ्या भिंतींवर बसवली आणि प्रज्ञानचं पॅनेलही एका बाजूला ताठ उभं राहतं. दोघांचे फोटो पुन्हा बघा. त्यांच्या आकारात तिथला अक्षांश दिसतो.

जागा पारखायला नकाशा हवा, आणि नुसता नकाशा नाही, दगड न् दगड दाखवणारा. तो मिळाला चंद्रयान-२ कडून. २०१९ साली त्या मोहिमेचा लँडर कोसळला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिचा ऑर्बिटर चंद्राभोवती फिरतच राहिला, आणि त्याचा कॅमेरा शंभर किलोमीटर उंचीवरून तीस सेंटिमीटर आकाराचा तपशील टिपू शकतो. म्हणजे साधारण फूटपट्टीएवढा! अपयशी म्हणून जिच्याकडे बघितलं गेलं, त्या मोहिमेनंच पुढच्या मोहिमेची वाट साफ केली. ऑगस्टमध्ये विक्रम चंद्राच्या कक्षेत पोचला, तेव्हा या जुन्या ऑर्बिटरनं त्याच्याशी संपर्क जुळवला आणि इस्रोनं ती बातमी ‘वेलकम, बडी!’ म्हणत जगाला दिली.

मग प्रवास. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. अपोलोतले अंतराळवीर तीन-चार दिवसांत पोचायचे, मग चंद्रयानाला चाळीस दिवस का? कारण अपोलोचं सॅटर्न-५ रॉकेट अवाढव्य होतं. आपलं एलव्हीएम-३ हे ३,९०० किलोचं यान थेट चंद्राकडे भिरकावू शकत नाही. मग काय केलं? झोपाळ्याची युक्ती! झोका उंच न्यायचा तर एकदम जोर लावत नाहीत. झोका सगळ्यात खाली, सगळ्यात वेगात असताना पायानं एक नेमका रेटा देतात, पुढच्या फेरीत आणखी एक, आणि झोका चढत जातो. चंद्रयानानं अगदी हेच केलं. सुरुवातीची कक्षा पृथ्वीजवळ १७० किलोमीटर आणि दूरच्या टोकाला साडेछत्तीस हजार. दर वेळी पृथ्वीच्या जवळ आलं की इंजिनाचा रेटा, आणि दूरचं टोक आणखी दूर. २५ जुलैपर्यंत ते टोक सव्वा लाख किलोमीटरपलीकडे गेलं होतं. १ ऑगस्टला शेवटचा रेटा, आणि यान चंद्राच्या दिशेनं निघालं. खरं तर चंद्र तेव्हा जिथे होता तिथे नाही, चार दिवसांनी जिथे असणार होता तिथे. चंद्र सेकंदाला एक किलोमीटर सरकतो, हे विसरून चालत नाही.

एलव्हीएम-३ रॉकेटच्या दोन्ही बाजूंना दोनशे टनांहून जास्त घन इंधन भरलेले बूस्टर असतात. त्यांच्या अजस्र कवचाचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात घडतात, आणि मधल्या टप्प्याची विकास इंजिनं मुंबईत, विक्रोळीच्या गोदरेजमध्ये. उसाच्या पट्ट्यातल्या एका गावातून निघालेलं पोलादकाम चंद्राच्या वाटेवरचा पहिला धक्का देतं, हे मला अजूनही वाचता वाचता थांबवतं.

उड्डाणाची एक छोटी गोष्ट तर सांगायलाच हवी. ते ठरल्या वेळेपेक्षा चार सेकंद उशिरा झालं. बिघाड झाला म्हणून नव्हे. पृथ्वीभोवती जुन्या उपग्रहांचे आणि रॉकेटांचे तुकडे गोळीच्या कितीतरी पट वेगानं फिरत असतात. त्यांच्यापैकी एखादा वाटेत आडवा येतो का, हे उड्डाणाआधी तपासतात. तपासलं, आणि धडकेची शक्यता टाळायला उड्डाण चार सेकंद पुढे ढकललं. चाळीस दिवसांच्या प्रवासात चार सेकंदांचा हिशेब!

आता खरी कसोटी. चंद्रावर हवा नाही, म्हणून पॅराशूट निरुपयोगी. पंख निरुपयोगी. घर्षणानं वेग कमी होईल म्हणावं, तर घर्षणच नाही. वेग मारायचं एकच साधन: इंजिन पुढच्या दिशेला तोंड करून पेटवायचं आणि उलटा जोर लावायचा. आणि वेग किती? ३० किलोमीटर उंचीवर असताना सेकंदाला १.६८ किलोमीटर, तेही जमिनीला समांतर. या वेगानं मुंबईहून पुण्याला दीड मिनिटात पोचाल. हा वेग १९ मिनिटांत शून्यावर आणायचा, आडव्या यानाला उभं करायचं, आणि शेवटी माणसाच्या चालण्याच्या वेगाहून थोडं अधिक, सेकंदाला दोनेक मीटर, इतक्या अलगद टेकायचं.

हे करणार कोण? तुम्ही म्हणाल, बंगळुरूच्या नियंत्रण कक्षातले तज्ज्ञ. पण त्यांचा संदेश चंद्रापर्यंत पोचायलाच सव्वा सेकंदाहून जास्त लागतो, आणि चंद्राकडची बातमी यायला पुन्हा तितकाच. पडद्यावर दगड दिसला, डावीकडे वळवू म्हटलं, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून त्या १९ मिनिटांत पृथ्वीवरून काहीच करायचं नसतं. आज्ञा आधीच चढवलेल्या असतात, आणि निर्णय सगळे विक्रमचे. खोलीतली ती सगळी हुशार माणसं तुमच्यामाझ्यासारखीच नुसती बघत होती. त्यांचं काम तोवर संपलेलं होतं, ते चार वर्षं चाललं होतं.

त्या चार वर्षांत त्यांनी काय केलं? माझ्या मते या मोहिमेतलं सगळ्यात विलक्षण काम ते हेच. त्यांनी ‘समजा’ या एका शब्दाचा पिच्छा पुरवला.

७ सप्टेंबर २०१९ ला चंद्रयान-२ चा लँडर कशानं पडला, याचा शोध आधी घेतला गेला. चंद्रयान-३ च्या वेळचे इस्रोप्रमुख एस. सोमनाथ यांनी तो पुढे उघडपणे मांडला. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा किंचित जास्त जोर दिला. तेवढ्यानं बिघडलं नसतं. पण फोटो घेण्यासाठी यानाला मध्ये काही काळ स्थिर राहायचं होतं, आणि तेवढ्या वेळात चुका साचत गेल्या. नंतर त्या सुधारायला यानाला झटकन वळायला हवं होतं, पण सॉफ्टवेअरनं वळण्याच्या वेगावर मर्यादा घातलेली. त्यात उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर लांब-रुंद. जमीन जवळ येत होती आणि यान त्या चौकोनात पोचण्याच्या धडपडीत वेग वाढवत होतं. तीन गोष्टी, प्रत्येक सुटी घेतली तर क्षुल्लक, आणि तिन्ही एकदम आल्यावर घातक.

म्हणून या वेळी विचारच उलटा केला. यश कसं मिळेल याऐवजी काय काय बिघडू शकतं, याची यादी करायची आणि प्रत्येक बिघाडावर इलाज यानातच बसवायचा. समजा, ठरल्या जागी पोचता आलं नाही तर? उतरण्याची जागाच मोठी केली: ४ किलोमीटर लांब, अडीच किलोमीटर रुंद. समजा, तिथे पोचायला जास्त भटकावं लागलं तर? इंधन वाढवलं. समजा, वेग मोजण्यात चूक झाली तर? जमिनीवर लेझर टाकून वेग थेट मोजणारं नवं उपकरण बसवलं. समजा, जरा जोरात आपटलं तर? पाय मजबूत केले. सेकंदाला तीन मीटर वेगाचा आदळही सोसवेल असे. समजा, जमीन उतरती असली तर? बारा अंशांच्या उतारावरही उलटणार नाही. समजा, यान भलत्याच दिशेला तोंड करून टेकलं तर? सौरपॅनेलं जास्त बाजूंवर लावली, म्हणजे कुठूनही ऊन मिळेल. पाचवं, मधलं इंजिन काढूनच टाकलं. आणि उरलेल्या चारांपैकी दोन बंद पडली तरी उतरता येईल, असं सोमनाथ यांनी उतरण्याच्या काही दिवस आधी जाहीरपणे सांगितलं.

ही सावधगिरी जास्त वाटते का? मग त्याच वर्षी इतरांचं काय झालं ते ऐका. एप्रिल २०२३ मध्ये जपानी कंपनीचं हाकुतो-आर एका विवराच्या कड्यावरून गेलं. खालची जमीन एकदम काही किलोमीटर खोल गेली, आणि उंचीमापकानं ते बरोबर सांगितलं. सॉफ्टवेअरला मात्र वाटलं की उपकरणच बिघडलं. त्यानं खरी नोंद फेटाळली. यान जमिनीजवळ आहे या समजुतीत हळूहळू खाली येत राहिलं आणि प्रत्यक्षात पाच किलोमीटर उंचीवर असताना इंधन संपलं. १९ ऑगस्टला रशियाचं लुना-२५ कोसळलं: इंजिन ८४ सेकंद चालायचं होतं, ते १२७ सेकंद चाललं. विक्रम उतरायला तेव्हा चार दिवस उरले होते. बंगळुरूच्या त्या खोलीत ही बातमी कशी ऐकली गेली असेल?

कागदावरचे इलाज खरे ठरतील कशावरून? मग परीक्षा. लँडरची उपकरणं हेलिकॉप्टरवर बसवून, खाली जमीन सरकत असताना ती काय मोजतात ते तपासलं. इंजिनं पेटवून यान कसं सावरतं ते पाहायला श्रीहरिकोट्यात टॉवर क्रेन वापरली. कर्नाटकात चळ्ळकेरेजवळ तर चंद्रासारखे खड्डे खणलेले आहेत. आणि माती? चंद्राच्या उंच भागातला खडक म्हणजे मुख्यतः अनॉर्थोसाइट. तोच खडक तमिळनाडूत नामक्कल जिल्ह्यात, सित्तमपूंडी आणि कुन्नमलै या गावांजवळ सापडतो. तो आणून, दळून, हवा तसा बारीक करून बंगळुरूत चंद्राची जमीन तयार केली. आता फक्त गुरुत्वाकर्षण उरलं. ते चंद्रावर एक षष्ठांश. चंद्रयान-२ च्या वेळी रोव्हरला हेलियमचा फुगा बांधला, वरच्यावर वजन उचलून धरायला, आणि चाकं त्या मातीत फिरवून पाहिली. केवढी साधी, केवढी सुंदर कल्पना!

तर संध्याकाळी पावणेसहाच्या सुमाराला विक्रमनं इंजिनं पेटवली. पहिली साडेअकरा मिनिटं नुसता वेग मारण्यात गेली. साडेसात किलोमीटर उंचीवर क्षणभर स्थिरावून त्यानं खाली पाहिलं, आपण नेमके कुठे आहोत ते पडताळलं, मग उभं व्हायला सुरुवात केली. त्यानंतर आला तो प्रसंग, जो मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. जमिनीपासून दीडशे मीटरवर विक्रम अधांतरी थांबला. कॅमेऱ्यानं खालचा फोटो घेतला, आणि यानातल्या संगणकानं दगड, खड्डे, उतार तपासले. इथे उतरू की बाजूला सरकू? जगात कुणीही त्याला उत्तर सांगत नव्हतं. त्यानं स्वतः ठरवलं आणि खाली आला. इंजिनांच्या झोतानं सुमारे दोन टन धूळ उडाली आणि शंभर चौरस मीटरहून जास्त जागेवर पसरली. तो धुळीचा फिकट डाग नंतर चंद्रयान-२ च्या त्याच कॅमेऱ्याला वरून दिसला.

काही तासांनी धूळ बसल्यावर रॅम्पवरून प्रज्ञान बाहेर आला. सहा चाकं, २६ किलो वजन, सेकंदाला एक सेंटिमीटर चाल. रोव्हरच्या डोळ्यांचं गणित मजेदार आहे. पुढचे दोन कॅमेरे एकाच वेळी फोटो घेतात, ते पृथ्वीवर येतात, त्यांवरून समोरच्या जमिनीचा उंचसखल नकाशा बनतो. पण तो भरवशाचा असतो पाचच मीटरपर्यंत. मग माणसं वाट ठरवणार, आज्ञा धाडणार, रोव्हर फार तर पाच मीटर चालणार आणि पुन्हा फोटो. एका चालीपासून दुसऱ्या चालीपर्यंत सुमारे पाच तास. २७ ऑगस्टला समोर तीन मीटरवर चार मीटर रुंदीचा खड्डा दिसला. प्रज्ञानला मागे फिरवून दुसऱ्या वाटेला लावलं. अशा रीतीनं तो शंभर मीटरहून जास्त चालला.

आणि मिळालं काय? विक्रमनं दहा संवेदक बसवलेली एक सळई जमिनीत रोवली. वरच्या थराचं तापमान पन्नास अंशांच्या वर. आठ सेंटिमीटर खाली? उणे दहा! तुमच्या तळहाताच्या रुंदीएवढ्या खोलीत साठ अंशांचा फरक. चंद्राची भुरभुरीत माती इतकं उत्तम आच्छादन आहे, की तुम्ही तिथे उभे राहिलात तर पायाखाली तळहातभर अंतराच्या आतच गोठणबिंदू असेल. प्रज्ञाननं लेझरनं मातीची वाफ करून तिच्या प्रकाशात गंधक ओळखलं. त्याच्या दुसऱ्या उपकरणानं तेवीस ठिकाणी मातीतली मूलद्रव्यं मोजली. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. ही माती त्या जुन्या तर्काला बळ देते की जन्मानंतर चंद्र म्हणजे वितळलेल्या खडकाचा एक समुद्र होता; हलकं खनिज तरंगून वर आलं आणि त्याचंच कवच बनलं. शंभर मीटरच्या फेरीत साडेचार अब्ज वर्षांपूर्वीची गोष्ट हाती लागली.

एक गोष्ट योजनेच्या पलीकडची. इंधन उरलं होतं. ३ सप्टेंबरला विक्रमनं आपली उपकरणं आणि रॅम्प घडी करून घेतला, इंजिनं पुन्हा पेटवली, चाळीस सेंटिमीटर वर उचलला गेला आणि जरा बाजूला नीट टेकला. चंद्रावरून एके दिवशी नमुने परत आणायचे तर तिथून उठता यायला हवं. त्याचा हा पहिला धडा. दुसऱ्या दिवशी त्याला झोपवलं. प्रज्ञानचं पॅनेल त्याआधीच २२ सप्टेंबरच्या सूर्योदयाकडे तोंड करून ठेवलेलं होतं. सूर्य उगवला, हाका मारल्या, उत्तर आलं नाही. रात्र दोघांना सोसली नाही.

पण विक्रमच्या माथ्यावर नासाचं एक उपकरण आहे, जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद: ॲल्युमिनियमच्या घुमटात बसवलेले क्वार्ट्झचे आठ छोटे लोलक. त्याला ना वीज लागते, ना ऊब. प्रकाश ज्या दिशेनं येईल त्याच दिशेला परत पाठवायचा, एवढंच त्याचं काम. १२ डिसेंबर २०२३ रोजी नासाच्या ऑर्बिटरनं शंभर किलोमीटर अंतरावरून त्याच्यावर लेझर रोखला आणि प्रकाश परत आला. पुढे त्या भागात येणाऱ्या यानांना आपली जागा ओळखायला ही खूण कैक दशकं वापरता येईल.